हरळीचे माहेरपण

त्या राज्यात थंडी पडत असे, पण ती पडते असे म्हणायची पद्धत नव्हती.

सकाळी धुके उतरले की लोक म्हणत, राजवाड्यातल्या धुपाचा धूर आहे. शेक घ्यायचा झाला तर आधी कचरा गोळा करावा लागे, म्हणजे कचरा जाळतो आहोत असे सांगता येई. आणि कुणी चारचौघांत कुडकुडलाच, तर तो गाणे गुणगुणतो आहे असे समजून शेजारचे त्याला ताल देत. गाणे बेसूर असले तरी ताल चुकू देत नसत.

याचे कारण असे, की त्या राज्याचा राजा मोर होता. पावसाळा सरत आला की मोराचा पिसारा गळतो, हे रानातल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक असते. राजवाड्यात मात्र ते कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटची सर पडून गेली की महाराज चिकाच्या पडद्यामागे जाऊन बसत आणि ‘महाराज चिंतनात आहेत’ अशी दवंडी फिरे. गळलेली पिसे झाडून गोळा करून मागच्या कोठीत ठेवली जात. हिवाळा सरता सरता नवा पिसारा फुटे, महाराज बाहेर येत आणि लोक म्हणत, वा, चिंतनाने काय तेज चढले आहे! झाकली मूठ सव्वा लाखाची. थंडीत पानेपिसे गळतात एवढे एकदा कबूल केले, की कुणाकुणाची, हा प्रश्न आलाच. त्यापेक्षा थंडीच नाही म्हटलेले बरे.

राजवाड्यासमोर मोठे पटांगण होते आणि त्यात हरळीची वस्ती होती. हरळीला कुणी कधी काही विचारले नव्हते. लोक तिच्यावरून चालत, तिच्यावर बसून शेंगा खात, टरफले तिथेच टाकून उठून जात. तिची तक्रार नसे. पायदळी तुडवले गेले तरी दोन दिवसांत मान वर काढायची हा तिच्या कुळाचा वारसा होता. हरळीची मुळी चिवट, असे लोक म्हणत, आणि चिवट म्हटले की काळजी घ्यायची गरज उरत नाही.

पायऱ्यांच्या अगदी खाली जिचे घर होते तिला वस्तीत थोरली म्हणत. सगळ्यांत जास्त पाय तिच्यावर पडत, म्हणून तिचा मानही मोठा होता. स्वभावाने ती कष्टाळू आणि सरळ. फक्त एक हौस तिच्या मनात खोल दडून होती: कुणीतरी एकदा थांबावे, खाली बघावे आणि दोन शब्द बरे बोलावेत. एवढ्याशा हौसेने काही घर बुडत नाही, असे तिला वाटे.

हरळीच्या कुळात एक रीत होती. थंडीचा पहिला वारा पायऱ्या उतरून खाली आला, की सगळ्या जणी माहेरी जात. माहेर फार लांब नव्हते, पायाखालीच होते. पावसाळाभर पानांनी कमावलेली गोडी शिदोरी म्हणून मुळांत उतरवायची, वरचे कपडे आधी पिवळे आणि मग तपकिरी होऊ द्यायचे, ते तसेच वर टाकायचे आणि खाली मूळआजीच्या चुलीपाशी जाऊन अंग टाकायचे. शिदोरी मात्र ज्याची त्याने न्यायची, कारण आजीकडे ऊब होती, धान्य नव्हते. आणि जाताना एकमेकींचा हात सोडायचा नाही. हरळी जमिनीवरून हात पसरते, त्या हाताच्या टोकाला लेक उगवते; लेकीचे स्वतःचे मूळ खोल जाईपर्यंत आईचा हात तिच्या हातात असतो. कुणाची शिदोरी कमी पडली तर त्या हातातून पुरवठा होतो. अशाने कुळात आजवर कुणी उपाशी झोपले नव्हते.

थोरलीची धाकटी लेक इवली याच पावसाळ्यात उगवली होती. तिचा हा पहिलाच हिवाळा. आजोळच्या गोष्टी ऐकून ऐकून तिने आईला भंडावून सोडले होते.

“आई, आजोळी गेल्यावर आजी काय देते?”

“झोप देते.”

“आणि?”

“आणखी झोप.”

“मग?”

“मग उठायचं. तोवर वर ऊन आलेलं असतं.”

इवलीला यात फारच मजा वाटे. तिने आपली शिदोरी केव्हाच बांधून ठेवली होती. होती ती चिमूटभरच, पण रोज सकाळी उठून ती उघडून बघे, पुन्हा बांधे आणि विचारे, “आई, वारा आला का गं?” थोरली म्हणे, “येईल हो.” त्या लेकीवर तिचा जीव होता.

इतकी वर्षे हिवाळ्यात पटांगण तपकिरी पडे आणि कुणाचे काही अडत नसे. महाराज पडद्यामागे असल्याने त्यांना ते दिसत नसे आणि दिवाण राघू त्याला ‘सुवर्णकाळ’ म्हणत. त्या वर्षी मात्र घोटाळा झाला. उत्तरेकडच्या करकोच्यांच्या राजाने निरोप धाडला, की आम्ही तुमच्या तळ्यावर उतरणार आहोत, तेव्हा तळ्याच्या पाण्याचा करारही करू आणि महाराजांचे दर्शनही घेऊ. करकोचे येतात ते ऐन हिवाळ्यात. त्यांना ‘उन्हाळ्यात या’ म्हणावे, तर का म्हणून ते विचारणार.

दरबार भरला. पिसाऱ्याचा प्रश्न फार वेळ खायला हवा होता, पण तो पटकन सुटला. कोठीतली जुनी पिसे काढून, झटकून, शिंपीण पक्षिणीकडून महाराजांच्या पाठीशी शिवून घ्यायची असे ठरले. पानाला पान शिवून घर करणारी ती. तिला हे काही अवघड नव्हते. राहिले पटांगण. तेव्हा दिवाण राघू उठले. ते डोक्यापासून शेपटीपर्यंत हिरवेगार होते आणि आपल्या हिरवेपणाबद्दल त्यांना मनापासून आदर होता.

“मी बारमाही हिरवा आहे,” ते म्हणाले. “माझे वडील होते, आजोबा होते. हिरवं राहणं ही मनाच्या निश्चयाची गोष्ट आहे. हरळीला कुणी नीट समजावूनच सांगितलेलं नाही.”

असे म्हणून ते स्वतः पायऱ्या उतरून थोरलीसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी खाली बघितले.

“थोरलीबाई,” ते म्हणाले.

तिला आजवर कुणी बाई म्हटले नव्हते. तिच्या पात्यापात्यांतून काहीतरी लहरत गेले. दिवाणांनी तिच्या कुळाची थोरवी सांगितली, तिच्या सोशिकपणाचे गोडवे गायले, आणि या हिवाळ्यात पटांगण हिरवे राखायचे कबूल केल्यास घराभोवती सोनेरी दोरी आणि ते राखून दाखवल्यास वसंतात ‘सदाहरिता’ हा किताब, असा दरबाराचा मनसुबाही कानावर घातला.

“पण दिवाणजी, थंडी…”

“काय म्हणालात?”

“वारा म्हणाले. वारा सुटतो ना.”

“सुटू दे की,” दिवाण हसून म्हणाले. “वाऱ्यानं कधी कुणी पिवळं पडतं का? माझ्याकडे बघा.”

तिने बघितले. ते खरोखरच हिरवे होते.

संध्याकाळी थोरलीने वस्तीला सांगितले, की यंदा माहेर नाही. शेजारची म्हातारी हरळी तेवढी म्हणाली, “अगं, अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि आपलं अंथरूण खाली आहे.” थोरलीने तिला गप्प केले. राजवाड्याला पहिल्यांदाच आपली गरज पडली आहे, ती म्हणाली, आणि झोपा काढून आजवर कुणाचे भले झाले आहे? खालून मूळआजीची हाक आली, “या गं पोरींनो, चूल पेटलीय.” कुणी ओ दिली नाही.

“मग आजोळ?” इवलीने हळूच विचारले.

“पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी मी मोठी झालेली असेन.”

“मोठ्यांनाही आजोळ असतं. आता शहाण्यासारखी हिरवी राहा बघू.”

इवली शहाणीच होती. तिने आपली चिमूटभर शिदोरी सोडली, वर आणली आणि तिचे एक लांब, हिरवेगार पाते करून आईला दाखवले. “हे बघ आई, मी किती हिरवी!” थोरलीला तिचे फार कौतुक वाटले.

दोरीचा समारंभ थाटात झाला. थोरलीच्या घराभोवती चार खुंट्या ठोकल्या आणि सशांच्या पलटणीला हुकूम मिळाला, की दोरीखालून एक पातेही बाहेर डोकावता कामा नये, कड सुरीने कापल्यासारखी दिसली पाहिजे. ससे दातांनी कड सरळ करत इवलीच्या बाजूला आले आणि थबकले. तिथे थोरलीचा हात दोरीखालून बाहेर गेला होता आणि त्याच्या टोकाला इवली उभी होती.

“हे तोडायचं का, बाई?” हवालदार सशाने विचारले.

थोरलीने वर पाहिले. पायऱ्यांवरून दिवाण तिचे गुणवर्णन करत होते आणि नेमके ‘राज्याची शान’ इथपर्यंत आले होते. मधेच बोलणे बरे दिसले नसते. शिवाय पावसाळ्यात हरळीचा हात आज तुटला तर चार दिवसांत पुन्हा वाढतो, हे तिने जन्मभर पाहिले होते. हिवाळ्यात काय होते ते तिने कधीच पाहिले नव्हते, कारण हिवाळ्यात ती कधी जागीच नव्हती.

“तोडा,” ती म्हणाली. “वाढेल परत.”

सशाने तोडला. वरून टाळ्या पडल्या. “आई,” पलीकडून इवली म्हणाली, “हात कुठे गेला तुझा?”

“येतोय हो.”

दुसऱ्या दिवसापासून हरळीचे कोडकौतुक सुरू झाले. शेणकिडे रोज शेणाचा गोळा आणून पायाशी कालवत. बगळे तळ्यावरून चोचीतून पाणी आणून सांज होता होता शिंपडत, आणि ते सकाळपर्यंत मुळाशी गार बसून राही. ससे एक दिवसाआड पाती सारखी करत. खाऊ घातले, पाणी पाजले, केस कापले, आणखी काय हवे? इतके तर महाराजांनाही मिळत नव्हते. जेवण तोंडापर्यंत येई, पण थंडीत अंगी लागत नसे. पोट भरल्यासारखे वाटे आणि सकाळी शिदोरीत हात घालावा लागे. तरी पटांगण हिरवे होते, लोक थांबून बघत होते आणि दोन शब्द बरे बोलत होते. थोरलीला वाटले, इतकी वर्षे आपण उगीचच झोपत होतो.

रोज सकाळी ती सगळ्यात आधी तुटलेल्या हाताकडे बघे. तो वाढत नव्हता. आज ना उद्या वाढेल, असे म्हणता म्हणता त्याचे टोक वाळून काळे पडले. पलीकडे, हातभर अंतरावर, इवली दिवसभर बडबडत असे. मग ती अर्धा दिवस बडबडू लागली. मग फक्त सकाळी.

“इवले, रस वर आणू नकोस. आत ठेव.”

“पण दिवाणजी म्हणाले ना, माझ्याकडे बघा म्हणून. मी बघते आणि जोर लावते.”

“जोर लावू नकोस गं राणी.”

“आई, मला झोप येतेय. पण येत नाहीये.”

त्या दिवशी थोरलीला दोरी टोचू लागली. आपण काय करून बसलो हे तिला एकदम, लख्ख कळले आणि तिची मान खाली गेली. लाज नंतर वाटली, आधी नुसती भीती. पोरीचे मूळ बोटभर, शिदोरी संपलेली आणि हात आपणच तोडायला सांगितलेला.

तिने दिवाणांना बोलावणे धाडले. दिवाण आले, पण या वेळी त्यांना खाली बघायला सवड नव्हती.

“माझ्या लेकीला तेवढी रजा द्या,” थोरली म्हणाली. “लहान आहे. बाकी आम्ही उभ्या राहतो.”

“बाई, एकीला रजा दिली तर उद्या दुसरी म्हणेल मलाही थं… मलाही वारा लागतो. आणि पाहुणे परवावर आले. तुमची ती मागची आळी बघितलीत? पिवळी पडतेय. हा काय प्रकार आहे?” बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. त्यांच्याही नोकरीचा प्रश्न होता.

थोरलीने त्यांच्याकडे नीट बघितले आणि तिला पहिल्यांदाच या माणसाची कीव आली. राघू असला म्हणून काय झाले, घाबरला की तो माणसासारखाच दिसतो.

“दिवाणजी,” ती म्हणाली, “तुम्हाला पटांगण हिरवं हवंय, का हिरवं दिसायला हवंय?”

दिवाणांनी पुष्कळ विचार केला. “यात काही फरक आहे?” त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारले.

“तुम्हाला नसेल. आम्हाला आहे. आम्हाला खाली जाऊ द्या, आणि आमचे वर टाकलेले कपडे तुम्ही रंगवून घ्या.”

संध्याकाळपर्यंत ती कल्पना दिवाणांची झाली होती. पानांचा रस आणि बाभळीचा डिंक मडक्यांत कालवला गेला, खारींच्या शेपट्या कामाला लागल्या, आणि वस्तीला गुपचूप खाली जायची मुभा मिळाली. ज्यांच्याजवळ जी काय शिदोरी उरली होती ती छातीशी धरून एकेक हरळी निघाली. थोरली सगळ्यात शेवटी थांबली.

“चल इवले, आजोळी जायचं.”

“खरंच?” इवलीचा आवाज कसाबसा आला. “वारा आला?”

“आला.”

“मग हात दे.”

थोरलीने तुटका हात होता तेवढा लांब केला. दोरीच्या पलीकडे तो गेला नाही.

“तू आधी उतर,” ती म्हणाली. “मी खालून घेते तुला.”

खाली आजीची चूल पेटलेली होती. सगळ्या जणी अंग टाकून केव्हाच झोपल्या. थोरली मात्र अंधारात मुळांनी चाचपडत वरच्या अंगाला शोधत राहिली. इवलीचे मूळ इतके आखूड होते, की तिला ते सापडेना. तिने आपल्या शिदोरीतली मूठभर त्या तुटक्या हाताकडे पाठवली. जाईल कशी तरी, टोकातून ओघळून पोहोचेल. ती ओघळली आणि मातीत जिरून गेली. थोरलीने पुन्हा पाठवली. पुन्हा जिरली.

“नात कुठंय गं?” मूळआजीने झोपेतच विचारले.

“येतेय,” थोरली म्हणाली.

तेवढ्यात वर पावले वाजली. करकोच्यांचा राजा पटांगण बघायला आला होता. त्याचा आवाज संथ आणि सभ्य होता. “आमच्याकडे हिवाळा लागला की गवत झोपतं,” तो म्हणत होता. “जागं होऊ नये म्हणून आम्ही त्याच्यावरून चालत नाही. तुमच्याकडे कायम जागंच असतं?”

“कायम,” दिवाणांचा आवाज आला. “निश्चयाचा भाग आहे.”

“बिचारं,” पाहुणा म्हणाला.

पुढचे थोरलीने नंतर सशांकडून ऐकले. पाहुण्याने रीतीप्रमाणे पटांगणातले एक पाते चोचीत धरून बघितले, तर चोच हिरवी झाली. सगळ्या दरबाराने ते पाहिले आणि सगळा दरबार आभाळाकडे बघू लागला. पाहुणा मोठ्या घरचा होता. त्याने काही न बोलता पंखाला चोच पुसली, महाराजांच्या पिसाऱ्याची स्तुती केली आणि करार करून तो उडून गेला. दिवाणांना बढती मिळाली.

मग एके दिवशी खाली ऊब उतरली आणि हरळी उठली. रोडावलेली होती, पण उठली. थोरलीने पहिले पाते वर काढले, रंगाचा पापुद्रा डोक्याने फोडला आणि ऊन डोळ्यांवर यायच्या आत इवलीकडे बघितले.

इवली उभी होती. हिरवीगार, तकतकीत, सगळ्या पटांगणात उठून दिसणारी. थोरलीचे काळीज आनंदाने उसळले.

“इवले! अगं, उठलीससुद्धा?”

उत्तर आले नाही. सकाळचे दव सगळ्यांवर पडले होते. इतर पात्यांवर ते जिरत होते, इवलीवर पडलेला थेंब मात्र काचेवरून घसरावा तसा घसरला आणि खाली पडला. थोरली बघत राहिली. पुन्हा एक थेंब घसरला. मग तिला जे समजायचे ते समजले आणि तिने मान वळवली नाही. ती इवलीकडेच बघत रडली. हरळीचे रडणे दवात दिसत नाही, म्हणून कुणाला कळले नाही. आजोळ, आजोळ करत राहिली पोर, आणि हातभर वाट तिला पार करता आली नाही.

दरबारात वेगळीच चिंता उभी राहिली. नवी हरळी दरबारी हिरव्याशी जुळेना. कुठे कोवळी, कुठे पिवळसर, कुठे नुसतीच फिकी. त्या रंगाला पोपटी म्हणावे तर दिवाणांना राग आला असता. महिनोन्‌महिने लोकांना डिंकाच्या चकाकीची सवय झाली होती. हे काय उगवले आहे, ते विचारू लागले. आता रंग खरवडावा तर रंग होता हे उघड होणार. तेव्हा असे ठरले, की हरळीला योग्य हिरवेपणा जमेपर्यंत रंगकाम चालू ठेवावे. महाराजांचीही अडचण तीच होती. त्यांचा नवा पिसारा केव्हाच फुटू लागला होता, पण शिवलेला उसवावा तर तो शिवला होता हे कबूल करावे लागले असते. मग नवा पिसारा जुन्याखालीच दाटीवाटीने वाढत होता आणि महाराजांना बसवत नव्हते.

वसंताच्या दरबारात महाराज पुन्हा पडद्याबाहेर आले. ‘सदाहरिता’ कोण ते त्यांनी स्वतः निवडायचे होते. पटांगणभर फिरून ते पायऱ्यांपाशी आले. दिवाणांनी थोरलीकडे बघून नाक मुरडले. पापुद्र्यातून तिची तीन फिकी पाती बाहेर आली होती. “मानाची जागा, आणि हा रंग!” ते म्हणाले, आणि मग त्यांची नजर हातभर पलीकडे गेली. तिथे एक पाते असे हिरवे होते की नजर ठरेना. हिवाळाभर त्याचा रंग तसूभर उडाला नव्हता. ते वाढले नव्हते, वाकले नव्हते, त्याने काही मागितले नव्हते.

थोरलीभोवतीची सोनेरी दोरी सोडली आणि इवलीभोवती खुंट्या ठोकल्या.

महाराज दोरी बांधायला खाली वाकले. वाकताना पाठीवरचा टाका तटकन तुटला, एक जुने पीस सुटले आणि गिरक्या घेत इवलीवर येऊन पडले. त्या फटीतून थोरलीला आत दिसले. आत ओले, निळे, बोटभर कोंब फुटलेले होते आणि दाबून दाबून वाकडे झाले होते. बाकी कुणाला ते दिसले नाही, कारण ते दिसायला जमिनीलगत असावे लागते.

महाराजांनी तिची नजर पाहिली.

“ही इतकी हिरवी कशी राहिली?” महाराजांनी अगदी हळू विचारले.

“ती उठलीच नाही, महाराज.”

महाराज गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेले राहिले. “केवढी ही नम्रता!” मागून दिवाण म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मग सुईत दोरा ओवत शिंपीण पुढे आली, आणि तिच्यापाठोपाठ मडक्यात शेपटी बुडवून खार आली. महाराजांनी पाठ पुढे केली, थोरलीने मान पुढे केली. सुई आणि शेपटी एकाच वेळी टेकली. रंग गार होता, सुईही गारच असावी, कारण दोघेही एकदम कुडकुडले.

दरबाराने ते पाहिले, गाणे सुरू झाले असे समजून मांडी ठोकली आणि ताल धरला.